विश्लेषण : कॉम्प्युटर नसताना ‘जॉइन’ कसा लागायचा? मालवणच्या रामकृष्ण भांडारकरांनी पतंजलीचा काळ कसा शोधला?

डेटा अॅनालिसिस शिकणाऱ्या प्रत्येकाला दोन तक्ते जोडून तिसरे उत्तर काढावे लागते. आज हे काम पायथनच्या चार ओळींत होते. दीडशे वर्षांपूर्वी मालवणात जन्मलेल्या एका संशोधकाने हेच काम कागद, पोथ्या आणि ताम्रपट यांच्या आधारे केले आणि दख्खनच्या प्राचीन इतिहासाला सनावळी मिळवून दिली. डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे आयुष्य आणि त्यांची पद्धत आजच्या डेटाच्या भाषेत समजून घेऊ.

मालवणचा मुलगा मुंबईत कसा पोहोचला?

रामकृष्ण भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. त्या काळी मालवण रत्नागिरीच्या कारभारात होते. घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वजांकडे खजिन्याचे म्हणजे भांडाराचे काम होते, त्यावरून भांडारकर हे नाव पडले. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. रकाने आखलेल्या वह्या, नोंदी आणि ताळेबंद हे घरातल्या नोकरीचेच अंग होते.

१८४७ मध्ये वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. तेथून १८५३ मध्ये तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. तेथे गणित शिकवणाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याची बी. ए. पदवी मिळवणारी पहिली तुकडी बाहेर पडली. या तुकडीत चौघे होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे.

संस्कृतकडे भांडारकर नंतर वळले. शास्त्रीपंडितांकडे त्यांनी व्याकरणाचे पारंपरिक शिक्षण घेतले. सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील हायस्कुलांचे ते मुख्याध्यापक होते. याच काळात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांवर पुढे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आणि १८८२ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे ते संस्कृतचे प्राध्यापक होते. गणिताची शिस्त आणि शास्त्र्यांचे पाठांतर असा दुहेरी पाया त्यांना लाभला होता.

मेमरीतल्या तक्त्यावर क्वेरी म्हणजे काय?

भांडारकरांच्या संशोधनाकडे वळण्याआधी आजची पद्धत पाहू. आपल्याकडे एखादी एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल आहे. पायथनची स्क्रिप्ट ती वाचते आणि पांडास या लायब्ररीच्या मदतीने कॉम्प्युटरच्या रॅममध्ये एक तक्ता तयार होतो. त्याला डेटाफ्रेम म्हणतात. हा तक्ता अजून कुठल्याही डेटाबेसमध्ये गेलेला नसतो. तो फक्त स्क्रिप्ट चालू असेपर्यंत मेमरीत असतो.

या तक्त्याला प्रश्न विचारण्याची सर्वांत रुळलेली भाषा म्हणजे एसक्यूएल. तिचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये आहे. त्यातील कल्पना सोपी आहे. माहिती तक्त्यांत ठेवायची, काय हवे ते सांगायचे आणि ते कसे शोधायचे हे यंत्रावर सोडायचे. सिलेक्ट म्हणजे कोणते रकाने हवेत, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीत बसणाऱ्या ओळी हव्यात आणि जॉइन म्हणजे दोन तक्ते कोणत्या समान रकान्यावर जोडायचे.

पूर्वी यासाठी वेगळा डेटाबेस सर्व्हर लागायचा. आता तशी गरज उरलेली नाही. एसक्यूएलाइटमध्ये फाइलऐवजी मेमरीतच डेटाबेस उघडता येतो आणि डेटाफ्रेम त्यात टाकून क्वेरी चालवता येते. डकडीबी हे अलीकडचे साधन त्याहून सोपे आहे. पायथनमधील डेटाफ्रेमच्या व्हेरिएबलचे नावच क्वेरीत तक्त्याचे नाव म्हणून वापरता येते. लॉगिन नाही, सर्व्हर नाही आणि उत्तर पुन्हा डेटाफ्रेम म्हणून हातात मिळते.

मात्र साधन कितीही वेगवान असले तरी दोन प्रश्न माणसालाच सोडवावे लागतात. तक्ते कोणत्या रकान्यावर जोडायचे? आणि त्या रकान्यावर विश्वास का ठेवायचा? भांडारकरांचे मोठेपण याच दोन प्रश्नांत आहे.

पतंजलीचा काळ कसा निघाला?

पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने महाभाष्य लिहिले. पण ते कधी लिहिले? ग्रंथात सन नाही, शक नाही. १८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात भांडारकरांनी या प्रश्नाचे उत्तर मांडले.

त्यांचा पहिला तक्ता म्हणजे महाभाष्यातील उदाहरणे. व्याकरणाचा नियम समजावताना पतंजली रोजच्या जगातली वाक्ये देतो. भूतकाळाचा एक प्रकार अशा घटनेसाठी वापरायचा असतो, जी लोकांना ठाऊक आहे, बोलणाऱ्याने पाहिलेली नाही, पण त्याच्या हयातीत घडल्याने त्याला पाहता आली असती. या नियमासाठी पतंजलीने यवनाने साकेत आणि माध्यमिका या नगरांना वेढा घातल्याचे उदाहरण दिले आहे. म्हणजे ग्रीक राजाची ही स्वारी पतंजलीच्या हयातीत झाली होती. जर्मन अभ्यासक थिओडोर गोल्डस्टुकर यांनी याआधीच या उदाहरणाकडे लक्ष वेधले होते आणि तो यवन म्हणजे राजा मिनँडर असावा, असे म्हटले होते. पण एकाच अटीने उत्तराचा पट्टा रुंद राहत होता.

भांडारकरांनी दुसरी अट शोधली. वर्तमानकाळाच्या नियमाखाली पतंजली पुष्यमित्रासाठी यज्ञ चालू असल्याचे उदाहरण देतो. यज्ञ सुरू आहे, अजून संपलेला नाही. म्हणजे हे लिहिताना पुष्यमित्र शुंग गादीवर होता. ही दोन्ही उदाहरणे महाभाष्याच्या तिसऱ्याच अध्यायातील आहेत.

दुसरा तक्ता पुराणांतील राजवंशांचा. त्यात मौर्यांची एकूण १३७ वर्षे आणि पुष्यमित्राची ३६ वर्षे दिली आहेत. तिसरा तक्ता ग्रीक इतिहासाचा. त्यावरून चंद्रगुप्त मौर्याचा आणि मिनँडरचा काळ ठरत होता.

आता बेरीज-वजाबाकी पाहा. त्या वेळच्या समजुतीनुसार चंद्रगुप्ताचा आरंभ इ. स. पू. ३१५. त्यातून १३७ वजा केले की १७८, म्हणजे पुष्यमित्राचा आरंभ. त्यातून ३६ वजा केले की १४२, म्हणजे त्याचा शेवट. मिनँडरचा आरंभ तेव्हा इ. स. पू. १४४ मानला जात होता. अट अशी : मिनँडर आलेला हवा आणि पुष्यमित्र गेलेला नको. उत्तर आले इ. स. पू. १४४ ते १४२. महाभाष्याचा तिसरा अध्याय या दोन-तीन वर्षांत लिहिला गेला असावा, असा निष्कर्ष भांडारकरांनी काढला.

बर्लिनचे संस्कृत पंडित आल्ब्रेख्त वेबर यांना तो मान्य नव्हता. पतंजलीला ते बराच नंतरचा मानत. दोघांचा वाद याच नियतकालिकात रंगला. पस्तिशीतल्या भारतीय प्राध्यापकाने युरोपातील सर्वांत नावाजलेल्या संस्कृतज्ञांपैकी एकाला पुराव्यानिशी उत्तर देणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आज ते उत्तर बरोबर मानतात का?

पद्धत टिकली, आकडे बदलले. आज चंद्रगुप्ताचा आरंभ साधारण इ. स. पू. ३२१ धरला जातो. हा एक आकडा बदलला की पुष्यमित्राचा काळ १८४ ते १४८ असा सरकतो. मिनँडरचा आरंभही आता साधारण १५५ च्या सुमारास मानतात. तीच क्वेरी पुन्हा चालवली की पट्टा १५५ ते १४८ असा येतो. म्हणूनच पाठ्यपुस्तकांत पतंजलीचा काळ इ. स. पू. १५० च्या आसपास दिलेला आढळतो.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी यात एक धडा आहे. उत्तर थेट तक्त्यात भरून ठेवले असते, तर नवा आकडा आल्यावर ते कुचकामी ठरले असते. भांडारकरांनी उत्तरासोबत त्याकडे नेणाऱ्या सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. त्यामुळे मूळ आकडा सुधारला तरी काम वाया गेले नाही.

नावेच जुळत नसतील तर?

१८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थांनी भांडारकरांना एक ताम्रपट दाखवला. त्यावरील लिपी वाचता यावी म्हणून त्यांनी जुन्या लिप्यांचा अभ्यास सुरू केला आणि पुराभिलेख हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. १८७४ मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठवला. १८८४ मध्ये मुंबई गॅझेटियरसाठी लिहिलेला त्यांचा ‘अर्ली हिस्ट्री ऑफ द डेक्कन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथातील सातवाहनांचा भाग म्हणजे न जुळणारे तक्ते जुळवण्याचा नमुना आहे. नाशिकच्या शिलालेखात राजाचे नाव सिरि पुळुमावि. पुराणांत त्याचे रूप वेगळे. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी सांगतो की बैठन येथे सिरो पोलेमायोस आणि ओझेने येथे तिआस्तेनेस राज्य करतो. कॉम्प्युटरला हे तक्ते नावावर जोडायला सांगितले तर उत्तरात एकही ओळ येणार नाही. कारण त्याच्या लेखी एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळे नाव.

यावर उपाय म्हणजे आधी नावांच्या जोड्यांचा एक मधला तक्ता करणे. बैठन म्हणजे पैठण, ओझेने म्हणजे उज्जयिनी, पोलेमायोस म्हणजे पुळुमावि आणि तिआस्तेनेस म्हणजे क्षत्रप चष्टन. पण नावे सारखी ऐकू येतात एवढ्यावर जोडी लावणे धोक्याचे. म्हणून भांडारकर गाव आणि घराणे यांचीही सांगड घालून पाहत. पुळुमावि पैठणशी आणि चष्टन उज्जयिनीशी जुळतो, हे दोन्ही एकाच वेळी खरे ठरल्यामुळे जोडी पक्की होते.

तारखांचेही तसेच. चष्टनाचा नातू रुद्रदामन याच्या जुनागढ शिलालेखात ७२ हे वर्ष आहे. ते शक संवताचे मानून ७८ मिळवले की इ. स. १५० येते. त्यावरून आजोबा चष्टन आणि त्याचा समकालीन पुळुमावि त्याच्या आधी बसतात. गुप्त संवताच्या वादात भांडारकरांनी अल्बेरुनीची नोंद ग्राह्य धरली. शकानंतर २४१ वर्षांनी गुप्त संवत सुरू होतो, अशी ती नोंद. २४१ आणि ७८ मिळून इ. स. ३१९. वेगवेगळ्या एककांतले रकाने एका मापात आणल्याशिवाय जोडू नयेत, हा नियम आजही डेटा साफ करताना पहिल्यांदा शिकवला जातो.

त्यांचा जॉइन कधी चुकला का?

एका ठिकाणी त्यांचे मत पुढे बहुतेक अभ्यासकांनी नाकारले. नाशिकच्या एका लेखात राणी बलश्रीचा उल्लेख महाराजाची माता आणि महाराजाची आजी असा आहे. त्यावरून मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू पुळुमावि हे दोघे एकाच वेळी वेगवेगळ्या भागांत राज्य करत होते, असे भांडारकरांनी मांडले. नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला की निधन पावलेल्या राजाच्या आईलाही असे म्हणता येते. शिवाय टॉलेमी पैठणच्या संदर्भात फक्त पुळुमावीचेच नाव देतो.

डेटाच्या भाषेत सांगायचे तर दोन कालखंड एकापाठोपाठ ठेवायचे की एकावर एक, हा प्रश्न होता. एका ओळीचा अर्थ बदलला की संपूर्ण वंशावळीची बेरीज बदलते. मात्र भांडारकरांनी कोणत्या ओळीवरून काय अर्थ काढला, हे नोंदवून ठेवले होते. म्हणूनच चूक कुठे आहे हे इतरांना बोट ठेवून दाखवता आले.

दुसरीकडे त्यांच्या वाचनाला नवा पुरावाही मिळाला. गौतमीपुत्राने क्षहरातांचे घराणे उखडल्याचे नाशिकचा लेख सांगतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. शिलालेखातील ओळ आणि नाण्यांचा तक्ता असे दोन स्वतंत्र पुरावे एकाच उत्तरावर आले.

उत्तर नकोसे वाटले तर काय करायचे?

भांडारकर प्रार्थना समाजाचे आघाडीचे सदस्य होते. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. मुलीच्या शरीरसंबंधासाठी संमतीचे वय १० वरून १२ वर नेण्याचा प्रस्ताव होता. हा धर्मात हस्तक्षेप आहे, असे विरोधकांचे म्हणणे. लोकमान्य टिळक विरोधाच्या अग्रभागी होते.

भांडारकरांनी याही प्रश्नाला तीच पद्धत लावली. धर्मशास्त्र नेमके काय सांगते, हे ऐकीव मतांवरून ठरवण्याऐवजी त्यांनी गृह्यसूत्रे, स्मृती आणि निबंधग्रंथांतील वचने समोर मांडली आणि विवाहाच्या वयावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. प्राचीन विवाहविधी वयात आलेल्या वधूला धरून आहेत आणि संबंध पुढे ढकलल्याने धर्म बुडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. टिळकांनी त्यांच्या अन्वयार्थावर टीका केली. विधेयक मार्च १८९१ मध्ये मंजूर झाले.

ग्रंथातून निघालेले उत्तर स्वतःच्या घरी लागू करण्याची वेळही त्याच वर्षी आली. भांडारकरांची मुलगी विधवा होती. जातीतून आणि आप्तांकडून विरोध होत असताना त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. त्या काळी याचा अर्थ पंगतीपासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे किंमत मोजणे असा होता. पतंजलीच्या बाबतीत चुकले असते तर एक निबंध मागे घ्यावा लागला असता. येथे घर आणि मुलीचे आयुष्य पणाला होते.

स्क्रिप्ट संपल्यावर तक्त्यांचे काय?

मेमरीतील क्वेरीची एक मर्यादा आहे. स्क्रिप्ट थांबली की रॅम रिकामी होते. तक्ते आणि उत्तरे डिस्कवर लिहून ठेवली नाहीत तर पुढच्या माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. रॅमपेक्षा मोठा तक्ता असेल तर तो पूर्ण मेमरीत घेताही येत नाही. शेवटी भक्कम साठा लागतोच.

भांडारकरांनी त्यासाठीही अनेक वर्षे दिली. १८६० च्या दशकाअखेरीपासून मुंबई सरकार संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेत होते. गेऑर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, पीटर पीटरसन यांच्यासोबत भांडारकरांनी हे काम केले. पोथ्या मिळवणे, त्यांच्या याद्या करणे आणि महत्त्वाच्या ग्रंथांची माहिती देणारे अहवाल लिहिणे असे त्याचे स्वरूप होते. १८८० च्या दशकातील त्यांचे अहवाल आजही संदर्भासाठी वापरले जातात. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेला ते हजर राहिले. १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९१३ मध्ये वैष्णव आणि शैव पंथांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजमधील सरकारी हस्तलिखितेही तेथे आली. १९१९ मध्ये पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद संस्थेच्या पुढाकाराने पुण्यात भरली. तिचे अध्यक्ष भांडारकर होते.

महाभारताचा तक्ता कसा आखला?

१९१९ मध्येच संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. हे काम अक्षरशः रकान्यांत झाले. मोठ्या कागदावर वरच्या ओळीत श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहायचा. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. ज्या पोथीत जे अक्षर वेगळे असेल ते त्याच रकान्याखाली नोंदवायचे. उभे वाचले की एका अक्षराचे सगळे पाठभेद दिसतात आणि आडवे वाचले की एक पोथी. आजच्या डेटाफ्रेमची रचना नेमकी अशीच असते.

भांडारकर यांचे २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्याच वर्षी विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारत प्रकल्पाची सूत्रे हाती घेतली. काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते वापरण्यात आली. स्वीकारलेला पाठ पानावर वर छापला आणि नाकारलेले पाठ, कोणत्या पोथीत काय आहे या नोंदीसह, खाली दिले. त्यामुळे संपादकांचा निर्णय न पटणारा वाचक त्याच पानावर तपासणी पुन्हा करू शकतो.